चाकाचा नट का सुटला

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी संघप्रियाने आणून दिली. वकिलांची डायरी आहे, प्रत्येक पानाखाली ‘पुढील तारीख’ असा रकाना. म्हणाली, "गाडीबद्दल रोज थोडं लिहीत जा. वाट दाखवणाऱ्याला नोंदी ठेवायची सवय हवी."

गाडी म्हणजे भगवानमामांची जुनी फोर बाय फोर. मामा संघप्रियाचे, राहतात चिपळूणला. गुडघे गेल्यामुळे त्यांना आता क्लच दाबवत नाही. काल ती स्वतः चालवत गाडी सीवूड्सला घेऊन आली. हिरवी, चौकोनी आणि एवढी उंच की आईला चढायला स्टूल लागतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी पनवेलच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीत अशा गाड्या खडकाळ वाटांवरून चालवायची स्पर्धा आहे. जोडप्यांचा वेगळा गट असतो. एकाने चालवायचं, दुसऱ्याने वाट दाखवायची आणि चाकंबिकं सांभाळायची. संघप्रियाने नाव देऊन टाकलंय. लहानपणापासूनची इच्छा आहे म्हणाली. बारा वर्षं संसार करतोय, पण ही इच्छा मला आज कळली. बेलापूरच्या कोर्टात दिवसभर बोलून बोलून घरी आल्यावर तिला स्वतःबद्दल बोलायला सुचत नसेल.

मला काय, वेळ आहे. रबाळ्याचं आमचं युनिट मे महिन्यात बंद झालं, तेव्हापासून मी ब्रेकवर आहे. सोळा वर्षं क्वालिटी विभागात माल तपासला, थोडी विश्रांती घ्यायला हरकत नाही. दिवाळीपासून अर्ज करणंही थांबवलंय. मार्केटच थंड आहे. दुपारची झोप जरा लांबते, एवढंच.

बायकोची हौस आहे, तर पुरवू.

१९ जानेवारी, रविवार

उलव्याकडे मोकळ्या भरावावर पहिला सराव. संघप्रिया बरी चालवते. खड्ड्यात गाडी घालताना घाबरत नाही. पण अर्ध्या तासाने चेहरा पांढरा पडला आणि उतरून झुडपामागे गेली. पित्त असणार. कोर्टाच्या कँटीनमधलं तेल काही धड नसतं. निघण्याआधी ती एक बारीक पांढरी गोळी घेते, तीही पित्ताचीच असावी.

मामांचा फोन आला होता. "काय जावईबापू, आमची संघा चालवतेय? लहानपणी यष्टीत बसली की पिशवी घेऊन खिडकीशी. गाडीचं नाव काढलं तरी रडायची." मी बरं बरं म्हटलं. मामांचं वय झालं. कुणाची गोष्ट कुणाला चिकटवतात.

२५ जानेवारी, शनिवार

कळंबोलीहून रुंद टायर आणि जुन्या बाजारातले अलॉय रिम आणले. जुने नट रिमच्या भोकात जाईनात, ते जाड पडले. मी आधीच ऑनलाइन बघून ठेवले होते. बारीक, लांबट, लालभडक ॲल्युमिनियमचे. आज आले. दिसायला एक नंबर.

"हे चालतील ना?" संघप्रियाने विचारलं.

"रिव्ह्यू वाचलेत मी."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने हवेच्या गनने टर्र टर्र करून दहा मिनिटांत चारही चाकं बसवली. मी सावलीत उभं राहून मोबाइल बघत होतो. सोसायटीतले दोन-तीन जण गाडीचे फोटो काढून गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

आईला उरणला मावशीकडे सोडायला निघालो होतो. आई पुढे बसली, समोरचं सगळं दिसतं म्हणून. मी मागे. उरण रोडला पुढून टक टक आवाज यायला लागला. मी म्हटलं, टायरमध्ये खडा अडकला असेल. संघप्रियाने मात्र वेग कमी केला, ब्रेक न दाबता गाडी हळूहळू कडेला घेतली.

पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट नव्हतेच. उरलेले तीन बोटांनी फिरत होते. चाक तिरकं लोंबत होतं आणि त्याच्या बरोबर वर आई बसली होती. शेजारून कंटेनर जात होते, प्रत्येक कंटेनरबरोबर गाडी हलत होती.

आईला उतरवायला गेलो, तर तिनेच मला धरलं. "आरं, काई न्हाई झालं," म्हणाली.

क्रेनने गाडी घरी आणली.

३ फेब्रुवारी, सोमवार

झोपून होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

संघप्रियाला सांगितलं की स्पर्धा रद्द, गाडी मामांना परत. ज्याला चार चाकं धड बसवून घेता येत नाहीत, त्याने बायकोला डोंगरावर चढवू नये. मग आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. कंपनीने मला काढलं ते युनिट बंद झालं म्हणून नव्हे, माझीच नजर गेली होती, असं काहीतरी.

तिने ऐकून घेतलं आणि उठून आत गेली. थोड्या वेळाने पाणी प्यायला गेलो तर ती आणि आई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी आत पाऊल टाकताच दोघी थांबल्या आणि आईने विनाकारण डाळीचं झाकण उघडून बघितलं.

संध्याकाळी संघप्रियाने माझ्या चहाच्या कपाशेजारी एक लाल नट ठेवला.

"हा का सुटला, तेवढं सांग. मग गाडी परत देऊ. मामांना कारण तर सांगावं लागेल ना."

"सैल होता म्हणून सुटला."

"सैल का झाला? कोर्टात गोंधळलेला माझा पक्षकारसुद्धा यापेक्षा बरं उत्तर देतो," म्हणाली आणि आपल्या फायली घेऊन बसली.

वकिलाशी लग्न करू नये.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेपाचला जाग आली आणि परत झोप लागेना. नट खिशात घालून पार्किंगमध्ये गेलो.

आधी चाक काढलं. लाल नटाचं बूड चाकाला टेकतं तिथे रंग उडालेला होता, पण सगळीकडे नाही. बारीक रेघेपुरताच. ती रेघ बघून मला कंपनीतली निळी शाई आठवली. दोन भाग एकमेकांत नीट बसतात का हे बघायचं, तर एकावर शाईचा पातळ हात फिरवायचा, दुसऱ्यावर दाबायचा आणि उघडून बघायचं. जिथे शाई उमटली तिथेच स्पर्श, बाकी सगळी हवा.

घरात शाई कुठली? वर जाऊन संघप्रियाची काजळाची डबी घेतली. नटाच्या बुडाला काजळ फासलं, रिमच्या भोकात हाताने घट्ट फिरवला आणि काढला.

आत केसाएवढं काळं वर्तुळ. बाकी रिम चकचकीत कोरी.

नटाचं बूड शंकूसारखं सरळ निमुळतं. रिमचा खड्डा मात्र वाटीसारखा गोल. शंकू वाटीच्या फक्त काठाला टेकला होता. सगळ्या गाडीचा भार त्या एका रेघेवर. त्यात ॲल्युमिनियम मऊ. प्रत्येक खड्ड्याला ते थोडं थोडं दबत गेलं, पकड गेली आणि नट फिरायला लागले. चाक हललं तेव्हा ज्या दांड्यांवर नट बसतात त्या स्टडचे आटेही खाल्ले गेले.

मी चारही चाकांची वीसही भोकं तपासली. सगळीकडे तेच. मग वर येऊन कंपनीत लिहायचो तसा रिपोर्ट लिहिला. दोष, कारण, उपाय. कारणासमोर ‘निवड चुकली’ असं लिहिलं आणि त्यापुढे माझं नाव. आश्चर्य म्हणजे लिहून झाल्यावर वाईट वाटलं नाही. भूक लागली होती.

संघप्रियाने रिपोर्ट उभ्यानेच वाचला. "म्हणजे उपाय आहे," एवढंच म्हणाली. मग, "माझं काजळ?"

डबी रिकामी होती. मला दिसलंच नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोघं कळंबोलीच्या बाजारात. मला चार गोष्टी हव्या होत्या. बूड गोल. आटे स्टडशी जुळणारे. लांबी अशी की नट स्टडवर खोलवर चढेल. आणि धातू पोलाद. शिवाय अंगाने बारीक, नाहीतर रिमच्या भोकात पाना जाणार नाही.

पहिल्या दुकानात म्हणाले, "सगळ्यांना हेच बसतात साहेब." शंकूच होते. दुसऱ्या दुकानातले गोल बुडाचे होते. मी गॅरेजवाल्याकडून नमुन्याला आणलेला नवा स्टड खिशातून काढून फिरवून बघितला. दोन फेऱ्या गेला आणि अडकला. "पान्याने जाईल," दुकानदार म्हणाला. जाईल ना, पण आटे खाऊन जाईल. ठेवून दिला.

तिसऱ्या दुकानात मिळाले. काळे, साधे, रूपाने शून्य. मी काउंटरवर रिम मांडला, नवी काजळाची डबी काढली आणि एकेक नट लावून बघायला लागलो. वाटीभर काळं गोल उमटलं की बाजूला. एकाचं बूड तिरकं कापलेलं निघालं, तो परत दिला.

शेजारी सोन्याची चेन घातलेला एक आडवा माणूस मघापासून बघत होता. "एवढी वरसा ह्या बाजारात हाय मी," तो म्हणाला, "नटाला काजल लावनारा पयलाच बघतंय. कोनता पिच्चर हाय?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. संघप्रिया माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं तोंडाला काजळ लागलंय.

त्या माणसाचं नाव धर्मराज. इथलाच, ट्रकचं मोठं यार्ड आहे त्याचं. तोही बायकोबरोबर त्याच स्पर्धेला उतरणार आहे. जाताना म्हणाला, "खानीत बघू मग, मेकअपवाले."

९ फेब्रुवारी, रविवार

आधी गॅरेजवाल्याला पार्किंगमध्ये बोलावून डाव्या चाकाचे खराब स्टड बदलून घेतले. या वेळी मी सावलीत उभा नव्हतो. मग चाकं स्वतः बसवली.

माझा टॉर्क पाना माळ्यावर आहे असं मला वाटत होतं. तो दाराशी पुसून ठेवलेला होता. हा पाना ठरवल्याएवढा जोर लागला की टक करतो. त्याहून कमी नको, त्याहून जास्तही नको. कमी पडला तर नट सुटतो, जास्त झाला तर स्टड ताणून मरतो.

चाक जिथे टेकतं तिथला गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. आटे कोरडे ठेवले, तेल नाही. तेल लावलं की पाना खोटं बोलतो. नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवले. मग एक सोडून एक, चांदणी काढतो तसे आवळले, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. गाडी जॅकवरून उतरवली आणि मग शेवटचा पाना.

टक.

आई खुर्ची घेऊन शेजारी बसली होती. प्रत्येक टकला तिचं बोट मांडीवर हलायचं. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आता बसू का म्या पुढं?"

मी काही म्हणायच्या आत तिने स्टूल लावलं आणि चढली. कमरेचा पट्टा लावून समोर बघत बसली. मला गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन थोडा वेळ ब्रश धुवावा लागला.

नेरूळ जेट्टीपर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा पाना लावला. दोन नट केसभर फिरले, बाकी जागचे हलले नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

मामांना गाडी परत द्यायचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उलव्याला चार तास सराव. पाना लावला, एकही नट हलला नाही. स्पेअर चाक काढून बसवायचा सराव मी एकटा घरी करतोय, रोज सकाळी आणि दुपारी. संघप्रियाची गोळी चालूच आहे. तिला म्हटलं, डॉक्टरला दाखव. "स्पर्धा झाली की आपोआप बरं होईल," म्हणाली. टेन्शन घेते ती फार.

दुपारी झोपायचं या आठवड्यात राहूनच गेलं.

१ मार्च, शनिवार

उद्या स्पर्धा. खाण बघून आलो. शेवटचा चढ उभा आहे आणि वर भुसभुशीत मुरूम. बाकीच्यांच्या गाड्यांना रुतलेली गाडी ओढून काढणारे विंच आहेत, मोठाले दिवे आहेत, मदतीला पोरंटोरं आहेत. आमच्याकडे एक पाना.

संघप्रियाला विचारलं, भीती वाटते का. "वाटते," म्हणाली. "पण चाकांची नाही."

२ मार्च, रविवार

सावकाश लिहितो.

पहिला टप्पा पाण्याचा. गाळ बॉनेटपर्यंत उडाला, पण निघालो. दुसरा दगडांचा. मी पुढे उलटं चालत हाताने डावं-उजवं दाखवत होतो. जवळजवळ बाहेर पडलो तेव्हा मागचं उजवं चाक एका धारदार दगडाला घासलं आणि टायर कुशीतून फाटला.

घड्याळ चालूच असतं. मी जॅक लावला. आमच्या मागून धर्मराजची गाडी आली. गंमत म्हणजे त्याचाही टायर तिथेच फुटला. त्याच्या माणसांनी हवेच्या गनने टर्र केलं आणि तो गेलासुद्धा. मी अजून नट बोटांनी फिरवत होतो.

"ओ काका, आटपा की," दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं. एकोणचाळीसचा आहे मी.

गन मागून घ्यावी का, असं एकदा मनात आलं. संघप्रियाकडे बघितलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण स्टिअरिंगवरचे हात शांत होते.

"तुझं होऊ दे," म्हणाली. "मला घाई नाही."

चांदणी पूर्ण केली. गाडी खाली घेतली. टक, टक, टक, टक, टक. मग निघालो.

चढाशी पोचलो तर धर्मराज अर्ध्यात होता. त्याची गाडी एकदम एका अंगाला झुकली. नुकतंच बसवलेलं चाक तिरकं होऊन डुगडुगत होतं. तो शहाणा, लगेच ब्रेक लावून थांबला. नवरा-बायको दोघं सुखरूप उतरले, गाडी दोराने खाली घेतली. त्याच्याआधीच्या दोन गाड्याही मुरमात रुतून परत आल्या होत्या.

आमची पाळी. पहिल्यांदा निम्म्यावर चाकं नुसतीच गरगरली आणि आम्ही मागे घसरलो. प्रत्येकाला दोन संधी होत्या. मी पायी वर चढलो आणि जमीन तपासली. एकेक वीत, माल तपासतो तशी. सगळे उजवीकडून जात होते, कारण तिथे खड्डे कमी दिसत होते. पण तिथला मुरूम आता पार मोकळा झाला होता. डावीकडे खड्डे होते, पण खाली पक्का कातळ होता. खड्ड्यात चाक जोरात आपटणार. नट धरणार असतील तरच ती वाट.

खाली येऊन तिला सांगितलं. "डावीकडून. खूप आपटेल. आपटलं तरी पाय काढू नकोस."

"चाक राहील?"

"राहील," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत एवढ्या खात्रीने मी काही बोललो नव्हतो.

ती निघाली. मी बाजूने पळत होतो. पहिल्या खड्ड्यात गाडी आदळली तो आवाज माझ्या दातांत गेला. दुसऱ्यात पुढचं डावं चाक हवेत उचललं गेलं आणि धाडकन कातळावर पडलं. तिने पाय काढला नाही. चाकाने कातळ धरला आणि ती हिरवी गाडी माझ्या डोळ्यांसमोर वर वर जात काठावरून दिसेनाशी झाली.

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग वरून हॉर्न वाजला. लांब, थांबेचना.

मी वर पोचलो तेव्हा ती गाडीला टेकून खाली बसली होती. तिला उलटी झाली होती, आणि ती हसत होती. मी आधी नट तपासले. एकेकाला पाना लावला आणि लावताक्षणी टक. एकही हलला नव्हता. मग तिच्याशेजारी जाऊन बसलो. खाली सगळं दिसत होतं, खाण, गर्दी, लांब एक्स्प्रेसवेवरच्या मुंग्यांसारख्या गाड्या.

चढ पूर्ण करणारी जोडप्यांच्या गटातली आमची एकच गाडी. पहिला नंबर.

बक्षिसासाठी आमची नावं पुकारली तेव्हा मी धर्मराजच्या गाडीखाली होतो. त्यानेच बोलावलं होतं. नट त्याचे योग्य होते, पण गनने इतके पिळले होते की दोन स्टड तुटले आणि बाकीचे ताणले गेले. ते त्याला दाखवत असताना नावं दुसऱ्यांदा पुकारली. संघप्रिया एकटीच स्टेजवर गेली आणि माइकवर म्हणाली, "माझे मिस्टर कामात आहेत."

हे सांगताना तिला एवढं रडायला का आलं, कळलं नाही. थकली असेल.

४ मार्च, मंगळवार

धर्मराजचा फोन. "माजे यार्डात पुढची जागा पडून हाय. ट्रकवाले हायेत, ऑफरोडवाले हायेत, सगल्यांची चाका गनवर चाललीन. तू ये. बाकी नंतर बोलू."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग, कव्हापासून जायचं?" जणू तिला आधीच माहीत होतं.

१२ एप्रिल, शनिवार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. वेळ मिळत नाही.

धर्मराजच्या यार्डात माझा बोर्ड लागून तीन आठवडे झाले. ‘चाक तपासणी आणि फिटिंग’ एवढंच लिहिलंय. आधी धर्मराजचे ओळखीचे आले, मग त्यांचे ओळखीचे. मी गन ठेवत नाही. लोक सुरुवातीला कुरकुरतात, मग खुर्ची ओढून टक ऐकत बसतात. परवा सोमवारी जयंती, दुकान बंद, हे सांगायला आज सकाळपासून किती फोन केले. सगळ्यांना सोमवारच हवा होता.

दुपारी संघप्रिया डबा घेऊन आली. रांगेतल्या गाड्यांकडे तिने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"मामांच्या मुलाला गाडी हवीय," ती म्हणाली. "देऊन टाकू का?"

मला धक्काच बसला. "आणि पुढची स्पर्धा? लहानपणापासूनची इच्छा होती ना तुझी?"

"झाली की पूर्ण."

"एका दिवसात?"

ती नुसती हसली आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यासमोर ठेवलं. चेहरा छान टवटवीत दिसत होता. ते पित्त महिनाभरात कुठल्या कुठे गेलंय.

मला हे काही पटलं नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस एवढी वर्षं झुरतो, ती अशी एका चढावर सोडून देतं का कुणी? नीट बसवून तिला विचारणार होतो. पण तेवढ्यात पुण्याहून आलेल्या गाडीवाल्याने हाक मारली, "रोहनशेठ, आमचा नंबर कधी?"

"आलो," मी म्हटलं, आणि हातातला घास तोंडात टाकून उठलो.